कोमट

एकतीस वर्षं मी आंब्याच्या कारखान्यात
जंतू मारायचं काम केलं.
रस डब्यात, डबा वाफेत,
काटा लाल रेघेवर आला की घड्याळ बघायचं
आणि वहीत लिहायचं : वेळ, तापमान, सही.
एखादा डबा फुगला तर साहेब तो
माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, काही न बोलता.
एकतीस वर्षांत असे नऊ डबे.
नवांचेही नंबर मला पाठ आहेत.

आता कुमुद चिपळूणला, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना म्हणाली, साय जमवून ठेवा,
दूध घाटावरून येतं, फुकट येत नाही.
आणि फडताळातल्या चिनीमातीच्या सटाकडे बोट दाखवून :
यात विरजण आहे. जिवंत आहे ते.
मला वाटलं, बोलायची पद्धत.

पाच दिवस साय साठली.
पिवळसर, कडेला जाड, मधे वळ्यावळ्यांची,
ओहोटीला पूर्णगडच्या खाडीत चिखलावर उमटतात तशा.
सहाव्या दिवशी गरम केली, हाताच्या सवयीने,
पार उकळी फुटेपर्यंत.
वाडगा उकळत्या पाण्यातून काढला, चमचासुद्धा,
आणि त्या वाफाळत्या सायीत
सटातलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं.

सकाळी पाहिलं. वास नाही, आंबटपणा नाही.
चोख काम.
साहेब असते तर पाठ थोपटली असती.

फोनवर कुमुद बराच वेळ गप्प.
मागे बाळ रडत होतं.
मग म्हणाली, कोमट करायची असते हो.
कोमट म्हणजे किती?
करंगळी बुडवा. दहापर्यंत मोजता आलं पाहिजे,
हात न काढता. पण ऊबही लागली पाहिजे.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मी विचारलं नाही.

विरजण मागायला पाखाडी उतरून खाली गेलो,
जैतुनबी सोलकरांकडे.
त्या वाळत घातलेले बांगडे उलटत होत्या.
हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आत गेल्या.
पेला आणला, वर केळीच्या पानाचा तुकडा, दोऱ्याने बांधलेला.
म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी आम्ही महिनाभर मुंबईला होतो,
आलो तर आमचं मेलेलं.
तेव्हा कुमुदताईंनीच दिलं होतं, चमचाभर.
तेच चाललंय अजून. तुमचंच आहे, घेऊन जा.

पाखाडीच्या चिऱ्यांना शेवाळ.
पेला छातीशी धरून चढलो,
पायरी पायरी बघत.
आयुष्यात पहिल्यांदा असं काही नेत होतो
जे वाटेत मरू नये.

साय पुन्हा जमवली, या वेळी चारच दिवसांची.
करंगळी बुडवली. सातला काढली.
थांबलो. खिडकीत कावळा येऊन गेला.
पुन्हा बुडवली. आठ, नऊ,
दहा.
चमचाभर विरजण, डावाने एकदाच ढवळून.
वाडगा तांदळाच्या डब्यात खोचला, गळ्यापर्यंत.

रात्री तीनदा उठलो.
एकदा डब्याला कान लावला. हे कुणाला सांगणार नाही.
खाडीतून होड्या बाहेर पडत होत्या,
इंजिनांचा आवाज लांब लांब जात राहिला.

सकाळी वाडगा कलता केला,
तर सगळी साय मिळून हलली, एका अंगाने.
वास आंबूस, गोडसर,
काजूखाली पडून राहिलेल्या बोंडूंच्या जवळपासचा.
आणि मधोमध एक बुडबुडा, मसुरीएवढा.
कारखान्यात तेवढ्यावर अख्खा घाणा ओतून दिला असता.
मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

भाकरी तव्यावर राहून एका बाजूने करपली.
खाण्याआधी एक चमचा काढून सटात ठेवला,
थोडा जैतुनबींच्या पेल्यात. रिकामा कसा परत करायचा?
मग जुनी वही उघडली.
वेळ लिहिली, सहा चाळीस.
तापमानाच्या जागी लिहिलं, दहापर्यंत.
सहीची जागा तशीच ठेवली.
काम माझं एकट्याचं नव्हतं.